ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी रिझोल्यूशन कमी करून पाहा

गेम अडखळतोय म्हणून लगेच नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. आधी व्ही-सिंक (गेमचा वेग स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सोय) आणि एफपीएसची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा बंद करा, मग रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस चांगले वाढले, तर ताण कार्डावर होता. जवळपास तेवढेच राहिले, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतोय.

उदाहरणार्थ, सिटीज: स्कायलाइन्स हा शहर वसवण्याचा गेम घ्या. शहर छोटं असताना गेम सुरळीत चालतो. वस्ती वाढली की गाड्यांचे रस्ते, माणसांची ये-जा, पाणी, वीज या सगळ्याचा हिशेब प्रोसेसरला सतत करावा लागतो. कॅमेरा रिकाम्या माळावर नेला तरी तो हिशेब थांबत नाही! सिव्हिलायझेशन या आळीपाळीने खेळायच्या गेममध्ये शेवटी शेवटी संगणकाच्या खेळीची वाट पाहत बसावं लागतं, तेही याचमुळे.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३० टक्केच दिसला, तरी फसू नका. बऱ्याच गेमचं मुख्य काम एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (काम करणाऱ्या एका भागावर) चालतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली राहत असेल, तर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची बारकाई) कमी करून फारसा उपयोग नाही. गर्दी, रहदारी आणि दूरवरचं दिसण्याचं अंतर कमी करा.