कॉलेजच्या फीमधले किती सरकार भरते? प्रवेशाआधी काढायचा हिशेब

आधी कॉलेजकडून फीचा तपशील लेखी घ्या. त्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क आणि अनामत वेगवेगळी हवीत. नुसत्या एकूण आकड्यावरून मदत किती मिळेल ते कळत नाही.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या गटातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना हेच शुल्क शंभर टक्के मिळते. समजा शिक्षण शुल्क ८०,०००, विकास शुल्क ८,००० आणि परीक्षा शुल्क २,००० आहे. मुलाला ४९,००० भरावे लागतील, मुलीला फक्त ८,०००. ‘मुलींना सगळे मोफत’ असे ऐकून गेलेल्या पालकांची गाडी या ८,००० वरच अडते, म्हणून तेवढी तजवीज आधीच ठेवा.

प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातली (कॉलेज स्वतः भरते ती) जागा घेतली की ही सवलत गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही.

खोली आणि मेसचा खर्च यात येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयं आणि ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शाहू शिष्यवृत्तीच्या गटातल्यांनी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता पाहावा.

आता कागद. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, अधिवास, जातीचा दाखला, मागची गुणपत्रिका, कॅपचे प्रवेशपत्र, रेशन कार्ड. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग विभागाकडे जातो. त्रुटी निघाली की परत येतो आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत पुढे सरकत नाही. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून पाहा, मेसेजची वाट पाहू नका.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. दोन-तीन खाती असतील तर बँकेत विचारा, आधार नेमके कोणत्या खात्याला जोडले आहे. बंद पडलेल्या खात्याला जोडलेले असेल तर मंजूर रक्कमही अडकून राहते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतः भरावा लागतो.