स्टार्टरच्या पेटीत पाणी वायरीवाटेच शिरतं

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीकडच्या एका मळ्यातनं मोबाईल स्टार्टरची, म्हणजे फोनवरनं पाण्याची मोटर चालू-बंद करायच्या यंत्राची, पेटी दुरुस्तीला आली. झाकण काढलं तर तळाला पाणी, रिलेचे पाय हिरवे पडलेले. "दादा, आयपी ६५ ची पेटी घेतलीया, मग पाणी आलं कुठनं?" पेटी चांगलीच होती; आयपी ६५ म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारी. पण वायर वरनं भोक पाडून आत घेतलेली, भोवती नुसती काळी टेप. पाणी वायरीवरनं ओघळत सरळ बोर्डावर.

म्हणून भोक तळालाच पाडा. वर तर कधीच नको. वायर आत जायच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथंच गळून पडतो.

ग्लँड, म्हणजे भोकात बसवून वायरीभोवती रबर आवळणारा आट्यांचा जोड, वायरीच्या जाडीवर घ्या, अंदाजानं नको. पीजी हे ग्लँडच्या मापाचं नाव. पीजी-७ साधारण ३ ते ६.५ मिलिमीटरच्या वायरीला, पीजी-९ ४ ते ८ च्या. पीजी-७ चे आटे १२.५ मिलिमीटरचे, पीजी-९ चे १५.२, भोक त्याहून केसभर मोठं. कडेची कूस कानशीनं काढा. वायसर पेटीच्या बाहेरून, नट आतून.

सगळ्यात जास्त चूक होते ती चपट्या सबमर्सिबल केबलला. ग्लँडमधलं रबर गोल, केबल चपटी. कितीही आवळा, दोन्ही बाजूंना फट राहतेच. एका ग्लँडमध्ये दोन वायरी कोंबल्या तरी तेच. चपटी केबल बाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये संपवून पुढं गोल केबल आणा, आणि प्रत्येक वायरीला आपला ग्लँड द्या. रिकाम्या भोकाला दट्ट्या मारा.

ही फट लहान म्हणून सोडू नका. दुपारी उन्हानं पेटीतली हवा फुगून बाहेर जाते. मग वळवाची सर आली की पेटी झटक्यात गार होते, आतली हवा आकसते आणि फटीवरचं पाणी आत ओढून घेते. म्हणून पेटी पत्र्याच्या सावलीतच टांगा.

सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं तांब्याला खातं.

बोर्ड बसवायच्या आधी, वीज न जोडता, रिकाम्या पेटीत कोरडा पेपर ठेवा, वायरी घालून ग्लँड आवळा आणि पाईपनं दहा मिनिटं चारी बाजूंनी पाणी मारा. पेपर कुठं भिजला त्यावरनं फट सापडते.

पुराला मात्र यातलं काही पुरत नाही. आयपी ६५ फवाऱ्यापुरतं आहे, बुडण्यासाठी नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की मेन बंद करा, वायरींना नंबर घाला आणि पेटी घरी आणा.