फोटोतला काळा अँगलरफिश कसा ओळखावा

२०२५च्या सुरुवातीला स्पेनच्या टेनेरिफ बेटाजवळ भरदिवसा, पाण्याच्या पृष्ठभागाशी पोहणाऱ्या एका काळ्या माशाचा व्हिडिओ जगभर फिरला. तो खोल समुद्रातला काळा अँगलरफिश, शास्त्रीय नावाने मेलॅनोसीटस जॉन्सोनाय होता, खरं तर ती मादी होती. पण डोक्यावर दिवा दिसला की तो हाच मासा, असं नाही. खोल समुद्रात अशा अँगलरफिशच्या दीडशेहून जास्त जाती आहेत.

आधी आकार पाहा. ही मादी फार तर १८ सेंटिमीटरची, एका वितीत मावणारी. शेजारी पाणबुड्या आणि मासा त्याच्याएवढा, असं चित्र बनावट समजा. या गटातली सर्वांत मोठी जात, सेराटियास होल्बोली, तीसुद्धा सव्वा मीटरच्या आतच राहते.

मग दिवा. पाठीवरच्या पराचा पहिला काटा पुढे सरकून त्याचा गळ झाला आहे. त्याच्या टोकाच्या गोळ्यात प्रकाश देणारे जिवाणू राहतात. हनुवटीखालीही दाढीसारखा तंतू लोंबत असेल, तर तो लिनोफ्रायनी हा दुसरा अँगलरफिश. अंगावर काटेरी हाडांच्या चकत्या असतील, तर हिमँटोलोफस हा आणखी एक. आपल्या माशाची कातडी उघडी, गर्द तपकिरी ते काळी असते.

खरी खूण परांत आहे, आणि दातांकडे बघताना नेमकी तीच नजरेतून सुटते. पाठीच्या मागच्या पराच्या काड्या, म्हणजे पराला आधार देणारे बारीक काटे, मोजा: तो लांब, १२ ते १७ काड्यांचा. खालचा गुदपर मात्र चिमुकला, बहुधा ४ काड्यांचा. सेराटियासच्या पाठीवर ३ ते ५, हिमँटोलोफसच्या ५-६ काड्या असतात. फोटो बाजूने काढलेला असला, तर एवढ्यावरच मासा मेलॅनोसीटस गटातला आहे की नाही, याचा निकाल बहुधा लागतो.

पोट फुगलेलं दिसलं म्हणून जात वेगळी समजू नका. लांब, बारीक दात आतल्या बाजूला वाकतात, त्यामुळे शिकार आत जाते, पण बाहेर येत नाही. जठरही इतकं ताणतं, की स्वतःहून मोठा मासाही गिळता येतो.

शेवटी पोटाखाली पाहा. १९२२ साली आइसलँडजवळच्या एका सेराटियास मादीला दोन चिमुकले मासे चिकटलेले आढळले. तिची पिल्लं वाटलेले असे मासे म्हणजे मादीच्या अंगाशी एकजीव झालेले नर, हे १९२५ साली ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी ओळखलं. मेलॅनोसीटसचा नर ३ सेंटिमीटरहूनही लहान, बिनदिव्याचा, पण मोकळा जगतो. मादीच्या अंगात कायमचा मिसळत नाही. तेव्हा पोटाशी नर एकजीव झालेला दिसला, तर तुमच्या फोटोतली मादी वेगळ्या जातीची आहे.