‘युट्रोफिकेशन’ नेमका कुठे तोडायचा?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावात केंदाळ (जलपर्णी) पसरलं की ‘युट्रोफिकेशन’ हा शब्द कानावर येतो. फोड करताना बरेच जण तो ‘युट्रो’ आणि ‘फिकेशन’ असा तोडतात, कारण ‘क्लासिफिकेशन’ ओळखीचा असतो. इथेच चुकतं.

चूक होते देवनागरीमुळे. आपल्या एका ‘फ’मागे दोन स्पेलिंगं दडतात. म्हणून आधी रोमन स्पेलिंग वहीत लिहा. ‘पीएच’ असेल तर मूळ बहुधा ग्रीक. ‘एफ’ असेल तर बहुधा लॅटिन. ‘क्लासिफिकेशन’मधला एफ लॅटिन ‘फाकेरे’चा, म्हणजे ‘करणे’चा. आपल्या शब्दात पीएच आहे, तेव्हा तो ‘फ’ अलीकडच्या ‘ट्रोफ’चा. बरोबर फोड: यु–ट्रोफ–इक–एशन.

आता अर्थ लावा. ग्रीक ‘एउ’ म्हणजे चांगलं, ‘ट्रोफे’ म्हणजे पोषण. हा ‘एउ’ आणि संस्कृत ‘सु’ सख्खे भाऊ, त्यामुळे ‘सुपोषण’ हा प्रतिशब्द अगदी चपखल बसतो. शेवटचा ‘एशन’ मात्र लॅटिन. ग्रीक धडाला लॅटिन शेपूट विज्ञानात सर्रास दिसतं.

मग ताळा करा: तोच तुकडा दुसऱ्या शब्दात घालून पाहा. हायपरट्रॉफी म्हणजे अतिवाढ, ॲट्रॉफी म्हणजे पोषणाविना झिजणं. ‘ट्रोफ’ दोन्हीकडे जुळतो.

पण मुळांवरच थांबलात तर ‘चांगलं पोषण’ एवढंच हाती येईल. स्वीडनचे तळ्यांचे अभ्यासक आयनार नाउमान यांनी १९१९ मध्ये ‘युट्रोफिक’सारखी विशेषणं तळ्यांना लावली, ती पाण्यात पोषकद्रव्यं किती हे सांगायला. नायट्रोजन-फॉस्फरस वाढले की शेवाळ माजतं, मरून कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. पोषण शेवाळाचं होतं.

‘फिल’लाही जपा. क्लोरोफिलमध्ये दोन एल: ‘फिलॉन’, म्हणजे पान. हायड्रोफिलिकमध्ये एकच एल: ‘फिलोस’, म्हणजे प्रिय. आणि क्लोरोफिलात क्लोरीन नसतं. ‘क्लोरोस’ हा पोपटी-हिरवा रंग, दोघांनी तो वेगवेगळा घेतला.

केंदाळाचं शास्त्रीय नाव ‘आयकॉर्निया क्रासिपेस’. पहिला शब्द फोडू नका. ते प्रशियाचे मंत्री आयकहॉर्न यांचं नाव. आता ही वनस्पती पोंटेडेरिया या वंशात घालतात, तेही पोंटेडेरा या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव. दुसरा शब्द मात्र जरूर फोडा: ‘क्रासुस’ जाड, ‘पेस’ पाय, म्हणजे आपला ‘पाद’च. काठावरचं एक रोप उचलून देठ दाबून पाहा, हवेने फुगलेला जाड पाय हाताला लागेल.