गेम खेळताना पीसी तापतोय? आधी धूळ काढा

सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांना टेकला की विश्रामबागेतल्या माझ्या दुकानात एकच तक्रार येते, "दादा, गेम लावला की पंखा बोंबलतो आणि मशीन बंद पडतं."

बहुतेक वेळा दोष धुळीचा. पीसी बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत राखाडी थर गोधडीसारखा बसलेला दिसेल. मग हवा जाणार कुठून? मऊ ब्रशने तो सोडवा आणि ब्लोअर मारा. पंख्याचं पातं मात्र बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरगर फिरून बेअरिंग जातं. ओलं फडकं अजिबात नको.

तरीही तापत असेल तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला उष्णता पोचवणारा लेप, सुकली असेल. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढीच लावा.

गेममध्ये फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ६० वर बांधा, ग्राफिक्स कार्डावरचा भार चांगलाच उतरतो. एमएसआय आफ्टरबर्नर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात तापमान बघत खेळा. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या घरात गेला की बरेचदा स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळतो.

लॅपटॉप गादीवर नको. आणि टेबलाच्या कप्प्यात कोंबलेला पीसी आजच बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा.