त्सेसिसचा किल्ला एका दिवसात बघायचाय? मग या चुका टाळा

लॅटव्हियाची राजधानी रिगात माझ्याकडे आलेला पाहुणा दुसऱ्याच दिवशी सकाळी फोनवर नकाशा उघडतो, बोट ठेवतो आणि म्हणतो, "नव्वदच किलोमीटर ना? जाऊन येऊ की!" पाहुणा पुण्याचा असेल तर "म्हणजे महाबळेश्वरापेक्षा जवळच" हेही पाठोपाठ येतं.

जाऊन येता येतं, त्यात शंका नाही. पण हा दिवस अंतरावर आखला की फसतो. तो आखायचा परतीच्या गाडीवर, किल्ल्याच्या वेळेवर आणि उजेडावर. एवढ्या वर्षांत पाहुण्यांनी, आणि आधी मी स्वतः, केलेल्या चुका इथे लिहितोय.

सुरुवात नावापासून. लॅटव्हियन भाषेत इंग्रजी 'सी'चा उच्चार 'त्स' होतो. त्यामुळे 'सेसिस' म्हणू नका, 'केसिस' तर नकोच. आपल्याला हे सोपं आहे, कारण 'चमचा'मधला च आपल्या जिभेवर आधीपासून आहे. तोच च लावून 'चेसिस' म्हणा ('चहा'तला च नको), तिकीट खिडकीवर पहिल्याच झटक्यात समजतं. गावाचं जुनं जर्मन नाव वेंडेन. इतिहासाच्या पुस्तकांत आणि पाट्यांवर तेच भेटतं. विंडाऊ मात्र वेगळं. ते पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हेंट्सपिल्सचं जुनं नाव आणि तिथेही जुना किल्ला आहे. जुन्या नावाने शोधून भलत्याच टोकाचं तिकीट काढू नका.

सिगुल्डाच्या गाडीत बसणं

ही चूक माझी. पहिल्या वर्षी आई-बाबा आले होते. रिगाच्या मुख्य स्टेशनवरून त्सेसिसची गाडी सिगुल्डावरूनच जाते हे मला माहीत होतं. समोर सिगुल्डाची गाडी उभी होती, चढलो. ती सिगुल्डालाच संपली. पुढची गाडी यायला दोन तासांहून जास्त अवकाश होता. आईने फलाटावरच्या बाकावर डबा उघडला, बाबांनी वेळापत्रकासमोर उभं राहून "हे तू आधी वाचलं नव्हतंस का?" असं एकदाच विचारलं. एकदाच विचारलेलं जास्त लागतं.

रिगा ते सिगुल्डा गाड्या बऱ्याच आहेत. त्यातल्या मोजक्याच पुढे जातात. म्हणून फलाटावरच्या फलकावर शेवटच्या स्टेशनाचं नाव बघा: त्सेसिस, वाल्मिएरा किंवा वाल्गा असेल तर चढा. प्रवास दीड ते दोन तासांचा.

सगळ्यात आधी परतीची गाडी ठरवा. दोन गाड्यांमध्ये कित्येक तासांचं अंतर असू शकतं, त्यामुळे 'संध्याकाळी बघू' चालत नाही. आधी परतीची वेळ, मग त्यातून उलटं मोजत किल्ला, जेवण आणि शेवटी सकाळची गाडी. गाडी चुकलीच तर धावाधाव करू नका. बसस्थानक रेल्वे स्टेशनला लागूनच आहे आणि रिगाची बस साधारण दोन तासांत पोचवते. बसच्या वेळा सकाळी उतरल्या उतरल्याच फोनमध्ये टिपून ठेवा.

वेळापत्रकात आणखी एक गंमत आहे. लॅटव्हियन वार, रविवार सोडला तर, नुसते मोजलेले असतात: पिर्मदिएना म्हणजे पहिला दिवस, ओत्रदिएना दुसरा, त्रेशदिएना तिसरा. 'दिएना' म्हणजे आपला दिन. देवाला 'दिएव्स' आणि अग्नीला 'उगुन्स' म्हणणारी ही भाषा कानाला दूरच्या नातेवाइकासारखी वाटते, आणि नातेवाइकासारखीच फसवते. आपलं कॅलेंडर रविवारपासून सुरू होतं, त्यांचं सोमवारपासून. म्हणजे त्रेशदिएना बुधवार, मंगळवार नव्हे. एखादी गाडी ठरावीक वारीच धावते तेव्हा हा एका दिवसाचा फरक महागात पडतो.

एका दिवसात तीन किल्ले

पाहुण्यांची यादी तयारच असते: सिगुल्डा, तुराइदा, त्सेसिस. जमलं तर रुंडालेचा महालही.

रुंडाले आधी खोडा. रास्त्रेल्ली या वास्तुकाराने आखलेला तो महाल सुंदर आहे, पण तो रिगाच्या दक्षिणेला, बाउस्काजवळ, आणि बाउस्काला आता प्रवासी रेल्वे जात नाही. त्सेसिस ईशान्येला. रिगा मध्ये ठेवून एकाच दिवशी दोन्ही टोकं करायची म्हणजे दिवसभर बसच्या खिडकीतून बर्च झाडं मोजायची.

सिगुल्डा आणि त्सेसिस एकाच रेल्वेमार्गावर असल्याने मोह होतो, तो समजण्यासारखा आहे. पण ज्यासाठी लोक सिगुल्डाला जातात तो लाल विटांचा, गोल बुरुजाचा तुराइदाचा किल्ला स्टेशनजवळ नाही. तो गाउया नदीच्या पलीकडे, रस्त्याने पाचेक किलोमीटरवर. बसने जायचं, किल्ला, 1620 साली मारल्या गेलेल्या माइया या तरुणीची समाधी आणि गुटमानिस गुहा बघायची, परत यायचं, यात अर्धा दिवस सहज जातो. 1969 पासून नदीवर चालणाऱ्या केबल कारमध्ये बसायचा हट्ट मुलांनी धरला तर आणखी तास. सिगुल्डाला वेगळा दिवस द्या. तोही रिगाहून तासाभराच्याच अंतरावर आहे.

त्सेसिसला काही जोडायचंच असेल तर आराइशी जोडा. त्सेसिसच्या अलीकडेच सात-आठ किलोमीटरवर तळ्यात उभी असलेली लाकडी वस्ती आहे, नवव्या-दहाव्या शतकातल्या लाटगालियन या इथल्या जुन्या जमातीच्या घरांची पुनर्रचना. यानिस आपाल्स या पुरातत्त्वज्ञाने 1965 पासून तिथे पाण्याखालचे अवशेष शोधले आणि त्यावरून ती उभी राहिली. आराइशीला रेल्वेचा थांबा आहे. तुमची गाडी तिथे थांबते का, आणि पुढची केव्हा, एवढं बघून घ्या.

डिसेंबरात दुपारी पोचणं

रिगात डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळतो. आपल्याकडे दुपारचा चहा व्हायच्या आत अंधार. सकाळी आरामात आवरून अकराच्या सुमारास निघालात तर पोचेपर्यंत एक वाजतो, जेवलात की दोन. मग किल्ला कधी बघणार? हिवाळ्यात किल्ला आणि संग्रहालयाच्या वेळाही आखूड होतात, काही वारी दार बंदच असतं. सोमवार सर्वात धोक्याचा. दारावर 'स्लेग्त्स' अशी पाटी दिसली तर ती 'बंद'ची.

उन्हाळ्यात उलटा घोळ. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, म्हणून माणूस निवांत होतो, आणि तिकीट खिडकी घड्याळाप्रमाणे संध्याकाळी बंद होते. उजेड आहे म्हणजे किल्ला उघडा आहे असं नाही.

23 आणि 24 जून टाळा. लिगो आणि यानी हे इथले सर्वात मोठे सण, मध्य-उन्हाळ्याची शेकोटी आणि ओकच्या पानांचे मुकुट. दुकानं बंद, गाड्यांच्या वेळा बदललेल्या, गावं रिकामी, कारण सगळे शेतावर. 4 मे आणि 18 नोव्हेंबर या राष्ट्रीय सुट्ट्यांनाही वेळा आधी तपासा.

किल्ला उरकून टाकणं

माझ्या मते सर्वात वाईट चूक ही. लोक येतात, भग्न भिंतींसमोर फोटो काढतात, "हे तर पडलेलं आहे" म्हणतात आणि वीस मिनिटांत बाहेर.

थोडी मुळं माहीत असली की त्याच भिंती वेगळ्या दिसतात. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तलवारबंधू या जर्मन धर्मयोद्ध्यांनी हा किल्ला बांधायला घेतला. 1237 मध्ये ते ट्यूटॉनिक संघात, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्याच मोठ्या संघात, विलीन झाले, त्यांची शाखा लिव्होनियन संघ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि त्सेसिस हे तिच्या प्रमुख गडांपैकी एक झालं. 1494 ते 1535 या काळात संघाचा प्रमुख असलेला वोल्टर फॉन प्लेटेनबर्ग इथेच राहत असे. 1577 मध्ये रशियाचा झार इव्हान चौथा याच्या सैन्याने वेढा घातला तेव्हा आत अडकलेल्या सुमारे तीनशे जणांनी, बायकामुलांसह, दारूगोळ्याला बत्ती देऊन स्वतःला उडवून घेतलं. आपल्या वाचकाला इथे जोहार आठवेल. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या युद्धात उरलंसुरलंही ढासळलं.

आपल्याकडचे पाहुणे पहिला प्रश्न "चढ किती?" हा विचारतात. चढ नाहीच. किल्ला गावातच, स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. दमवतो तो पश्चिमेचा बुरूज. तिथे जाण्यासाठी तुमच्या हातात मेणबत्तीचा कंदील दिला जातो, कारण भिंतीच्या पोटातला जिना काळोखा, अरुंद आणि झिजलेल्या पायऱ्यांचा आहे. त्यात लोक काय करतात? एका हातात कंदील, दुसऱ्या हातात व्हिडिओ काढणारा फोन. मग भिंत कुठल्या हाताने धरणार? फोन खिशात ठेवा, पाठीवरची मोठी सॅक आधीच कमी करा, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. गुडघे कुरकुरत असतील तर खालीच थांबण्यात कमीपणा नाही. माझी आई खाली उद्यानात तळ्याकाठी बसली आणि म्हणाली की तिचाच तास जास्त चांगला गेला. वर गेलात तर प्लेटेनबर्गच्या दालनातलं विटांचं तारेसारखं छत मान वर करून नीट बघा. ते बघायला तरी घाई करू नका.

दुसरी अर्धवट गोष्ट म्हणजे शेजारचा 'नवा किल्ला' सोडून देणं. लॅटव्हियनमध्ये किल्ल्यालाही 'पिल्स', महालालाही 'पिल्स' (गावाला 'पिल्सेता', त्यातही तो दडलेलाच). म्हणून नकाशा दोन पिल्स दाखवतो आणि माणूस एकच बघून परततो. 1777 मध्ये ही जहागीर काउंट कार्ल एबरहार्ड फॉन सीव्हर्सने घेतली आणि जुन्या गडाच्या दाराशी राहता वाडा बांधला. तोच नवा किल्ला, आणि आता तिथे इतिहास आणि कला संग्रहालय आहे. तिकीट काढताना दोन्ही मिळून काढा. पाऊस आला तर आधी संग्रहालय, मग भिंती. इथल्या बुरुजात लॅटव्हियाच्या ध्वजाची कथाही मांडली आहे: तेराव्या शतकातल्या एका पद्य-बखरीत त्सेसिसचे लोक पांढरा पट्टा असलेला लाल झेंडा घेऊन रिगाला आल्याचा उल्लेख आहे, आणि आजचा गडद लाल-पांढरा ध्वज त्यावरून घेतलेला.

किल्ला बंदच निघाला तरी दिवस वाया जात नाही. उद्यानात तिकिटाशिवाय फिरता येतं आणि तिथून भिंती छान दिसतात. 1280च्या दशकात बांधलेलं सेंट जॉन चर्च दोन मिनिटांवर आहे. प्लेटेनबर्गची कबर त्यातच. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा आत भटकू नका.

शाकाहारी माणसाची फजिती

बेकरीत करंजीसारखा दिसणारा खमंग पदार्थ मांडलेला असतो, नाव पीराग्स. माझ्या मावशीने आनंदाने दोन घेतले. आत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. करड्या वाटाण्यांची उसळ म्हणून जे समोर येतं त्यातही तेच, स्पेक्यिस. 'बेझ गाल्यास' म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण काही जण स्पेक्यिसला मांसात धरतच नाहीत. 'बेझ स्पेक्या' हेही जोडा. बिनधोक काय? बटाट्याचे पॅनकेक साय घालून, राय पिठाचा काळा पाव, आणि त्याच पावाचा चुरा, साय आणि जाम यांचा थरांचा गोड पदार्थ. गुलाबी रंगाचं बिटाचं थंड सूप ताकासारखं लागतं, त्यात अंडं असतं हे लक्षात घ्या. डबा आणलात तर उद्यानात बाक भरपूर आहेत.

जेवण झाल्यावर "जरा जंगलात चालून येऊ" असं कुणीतरी म्हणतंच, गाव गाउया राष्ट्रीय उद्यानात आहे. जवळची म्हणून सांगितली जाणारी गरुड-कडा नदीकाठी बरीच लांब आहे, परतीच्या गाडीच्या आधी पायी उरकणारी नाही. आणि एप्रिल ते ऑक्टोबर गवतात गोचिड्या असतात, त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. पूर्ण पँट, पायमोजे वर ओढलेले, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासणी.

गाडीला तास उरला असेल तर स्टेशनच्या वाटेवर एकता चौकात थांबा. 1919च्या जूनमध्ये इथे एस्टोनियन आणि लॅटव्हियन फौजांनी लांडेसवेअरला, म्हणजे बाल्टिक जर्मनांच्या फौजेला, हरवलं, त्याचं स्मारक तिथे आहे. सोव्हिएत काळात पाडलेलं आणि 1998 मध्ये पुन्हा उभारलेलं. तिथून स्टेशन नाकासमोर. बाबा आता रिगाला आले की सकाळी दारातच विचारतात, "शेवटचं स्टेशन कुठलं लिहिलंय?"