शब्द नसलेल्या पुस्तकातून मुलांना गोष्ट सांगायला कसं लावावं?

पुस्तकात वाक्यच नाही, मग शिकवायचं काय, असं शिक्षकांना वाटतं. पण पहिली-दुसरीच्या मुलांनी स्वतः गोष्ट रचावी असं वाटत असेल, तर याहून चांगलं साधन माझ्या माहितीत नाही. मर्सर मेयर यांचं १९६९ सालचं ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’ घ्या. बरणीतला बेडूक रात्री पळतो. मुलगा आणि त्याचा कुत्रा त्याला शोधत रानात जातात. मुलं गोष्ट कशी सांगतात हे तपासणारे भाषाशास्त्रज्ञही अनेक देशांत हेच पुस्तक वापरत आले आहेत.

सहा-सात मुलं जवळ बसवा. पहिल्या फेरीत पानं नुसती उलटा, एक शब्दही बोलू नका. आपल्याला राहवत नाही, हे खरं. पण ‘हा बघा बेडूक’ म्हटलं की मुलं चित्र सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतात.

दुसऱ्या फेरीत बोलतं करा. ‘हे काय आहे?’ विचारलं तर ‘कुत्रा’ एवढंच उत्तर येतं. ‘इथे काय चाललंय?’ विचारा, आणि मग ‘कशावरून वाटलं?’ एका चित्रात मुलगा खडकावर चढून, फांद्या धरून हाका मारतोय. पान उलटायच्या आधी थांबा, पुढे काय होईल ते सगळ्यांना सांगू द्या. पान उलटल्यावर कळतं, त्या फांद्या नव्हेत, हरणाची शिंगं! आता मागचं चित्र परत दाखवा. मुलं त्यावर तुटून पडतात.

मग गोष्टीतल्या मुलाला काय नाव द्यायचं, कुत्रा मनात काय म्हणतोय, ते विचारा.

गोष्ट जमली की मुलं बोलतील तशीच मोठ्या कागदावर लिहा. कुणी ‘त्यो पळाला’ म्हणालं तर ‘त्यो’च लिहा, दुरुस्ती आत्ता नको. आपलं बोलणं कागदावर दिसलं की अडखळणारं मूलही ते वाचायला धडपडतं. शेवटी मुलगा एक बेडूक घेऊन घरी निघतो. तो पळालेलाच, की त्याचं पिल्लू? भांडू द्या त्यांना, निकाल तुम्ही देऊ नका.

हे पुस्तक मिळालं नाही तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर चित्रपुस्तकं मोफत आहेत. तेही नसेल तर पाठ्यपुस्तकातलं चित्रवाचनाचं पान चालेल. त्यावर प्रश्न छापलेले असतील तर पहिल्या फेरीत ते कागदाने झाकून ठेवा.